हिरवळीवरचं हृदय

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा मोठेपणा मानायलाच हवा. युद्धाने मन मोडलं आणि त्या मनाने पुढे हृदय पोखरलं, तर या दुसऱ्या दुखण्याचीही भरपाई मिळू शकते. तशी नियमात सोय आहे. फक्त डॉक्टरने लेखी द्यायचं की, हे त्यामुळेच झालं असण्याची शक्यता किमान निम्मी आहे. ‘संबंध असूही शकेल’ असं मोघम लिहिलं की कागद रद्दीत. शिवाय तपासणारा डॉक्टर वजन, सिगारेट आणि वडिलांचा हार्ट अ‍ॅटॅक यांच्याकडे बोट दाखवायला मोकळाच.

मग अपंगत्व किती टक्के, याचं मोजमाप. ट्रेडमिलची चाचणी झेपत नसेल, तर विचारायचं, धाप कशाने लागते? फॉर्मवर यादी तयार. हाताने ढकलायच्या यंत्राने गवत कापताना लागली, तर साधारण 30 टक्के. मोटरच्या यंत्रामागे चालतानाही लागली, तर 60. जेवताना, कपडे घालतानाच लागली, तर 100. थोडक्यात, हृदयरोग्याने दारात हिरवळ राखावी हे बरं.

शेवटी बेरीज. मनाचे 50 आणि हृदयाचे 30 मिळून 80 होत नाहीत, 65 होतात. कारण मनाने निम्मा खाल्ल्यावर माणूस निम्माच उरतो. हृदयाचे 30 टक्के त्या उरलेल्यातून काढायचे. मग 65 चे उदार मनाने 70 करायचे.

हे गणित ज्याला एका दमात समजलं, त्याने ते कुणाला सांगू नये. डोकं ठिकाणावर असल्याची नोंद व्हायची!