चालायला गाडीने

आमच्या नेरूळच्या सोसायटीतून सकाळी सव्वासहाला एकापाठोपाठ चार गाड्या बाहेर पडतात. वॉचमन नवा होता तेव्हा त्याला वाटायचं, कुणीतरी गेलं. पण हा तर शुगरवाल्यांचा ग्रुप. चालायला निघालेला! ज्वेल ऑफ नवी मुंबईचा तलाव आमच्या गेटपासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. पण तिथवर चालत गेलं तर तिथे चालायला दम कुठून आणायचा, हा चेअरमनसाहेबांचा सवाल बिनतोड आहे.

तलावावर पहिली दहा मिनिटं पार्किंगच्या भांडणात जातात. छातीचे ठोके काय वाढायचे ते तेवढ्यातच वाढतात. मग चौघांनी रस्ता अडवून फेरी आणि साखरेच्या एचबीएवनसी चाचणीवर चर्चा. "माझं सात पॉइंट आठ!" "माझं नऊ होतं, आता आठ पॉइंट सहा!" दहावीच्या निकालानंतर एवढ्या अभिमानाने आकडे सांगायची संधी माणसाला थेट पन्नाशीत मिळते. शेवटी दुधी-कारल्याचा रस, आणि तोंड कडू झालं म्हणून मेदूवडा. थंडीत डीपीएस तलावावर फ्लेमिंगो उतरले की गाड्या तिकडे वळतात. कच्छहून ते स्वतःच्या पंखांनी येतात. त्यांचा व्हिडिओ काढायला आम्ही एसी लावून जातो.

2023 साली आयसीएमआरच्या पाहणीतून देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचं कळलं, तेव्हा ग्रुपवर मेसेज पडला : 'आपण एकटे नाही.' खाली छत्तीस अंगठे.

डॉक्टर सांगतात, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. म्हणून आम्ही भरभर चालायची सगळी 150 मिनिटं रविवारवर ढकलतो, आणि रविवारी पाहुणे येतात. पायांना स्पर्श कळत नसेल तर अनवाणी फिरू नका, हेही ते सांगतात. पण हिरवळीवर अनवाणी चालल्याने साखर पळते हे आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपने आधीच शिकवलेलं आहे. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असल्या तर चालताना साखर एकदम उतरू शकते, तेव्हा खिशात काहीतरी गोड ठेवा, हा एक सल्ला मात्र ग्रुपने शंभर टक्के पाळला आहे. गोळ्या चालू नसलेल्यांनीसुद्धा.

चेअरमनसाहेबांचा देव म्हणजे 10 हजार पावलं. हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक'. त्याच 1965 च्या सुमारास इकडे चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल खाडीपलीकडच्या नव्या शहराचं चित्र मांडत होते. 1970 ला ही नवी मुंबई वसवायला सिडको आली. सेक्टरातच शाळा, सेक्टरातच बाजार, पायी जाऊन या, असा सगळा बेत. आम्ही त्या बाजारातली कोथिंबीर दहा मिनिटांत दारात मागवतो. ती आणणाऱ्या पोराला आमच्या सोसायटीत लिफ्ट वापरायची बंदी आहे. असा हा चार मजल्यांचा आरोग्यदायी जिना आम्ही त्याला उदारपणे देऊन टाकला आहे.

गेल्या मंगळवारी लिफ्टच बंद पडली. जेवण झालं आणि बायको म्हणाली, "अहो, दही विरजायचंय, दूध आणा खालून. तो पोऱ्या सुद्धा माणूसच आहे." गेलो. येताना दुसऱ्या मजल्यावर थांबलो, तिसऱ्यावर कठड्याला धरून उगाच नोटीस बोर्ड वाचल्यासारखं केलं. जेवून दोन तास झाल्यावर बोटाला सुई टोचली. थेंब बारीक आला. स्ट्रिप वाया जाऊ नये म्हणून बोट पुन्हा दाबलं. रोज 210 च्या आसपास असतं, त्या रात्री 168. जेवणही तेच होतं, चपात्याही तेवढ्याच.

डॉक्टरांना यात काही नवल वाटलं नाही. कामाला लागलेला स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. मांडीचा स्नायू मोठा, त्याची भूकही मोठी. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं पाय हलले तरी फरक दिसतो, म्हणाले. मग मला पाच वर्षं हे कळलं का नाही? पाच वर्षं ते हेच सांगत होते. मी फक्त गोळ्यांच्या नावांपुरता कागद वाचत होतो.

लिफ्ट सोमवारी सुरू होणार आहे. ती आणखी महिनाभर बंद ठेवावी, ज्येष्ठ आणि आजारी मंडळींपुरती चालू राहावी, असा अर्ज मी सोसायटीच्या ऑफिसात दिला आहे. चेअरमनसाहेबांनी पहिल्या मजल्यावर राहून स्वतःला ज्येष्ठ जाहीर केलं आहे. अर्जावर आतापर्यंत दोन सह्या आहेत, माझी आणि त्या कोथिंबीरवाल्या पोराची. त्याची धरता येत नाही म्हणतात, तो सभासद नाही.