सिस्टर, एंट्री केलीत का?

डोंबिवलीतल्या बऱ्याच नर्सिंग होममध्ये हल्ली सिस्टर पेशंटकडे पाठ करून बसतात, कारण तोंड संगणकाच्या पडद्याकडे ठेवावं लागतं. "आजी, दुखतंय का?" हे की-बोर्डलाच विचारलं जातं आणि आजी 'हो' म्हणेपर्यंत शून्य ते दहापैकी आकडा निवडूनही झालेला असतो.

डॉक्टरांचं अक्षर लावण्याची शिक्षा संपली, एवढ्यासाठी संगणकाला हार घालायला माझी हरकत नाही. पण ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला सांगायची, "तीन नंबरचे आजोबा रात्री एकटेच बाथरूमकडे निघतात, लक्ष ठेव गं." त्याला पडद्यावर रकाना नाही. आजोबा पडले की मात्र आहे, तारीख-वेळेसकट. औषधांबद्दलचे लाल इशारे म्हणजे डोंबिवली स्टेशनवरच्या घोषणा: कानावर सगळ्यांच्या पडतात, ऐकत कुणीच नाही. 'ओके' दाबा, पुढे चला.

संगणकावरच्या अशा नोंदींची मानकं केंद्राने २०१३ मध्ये ठरवली, २०१६ मध्ये सुधारली. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेत 'आभा' हा १४ आकडी आरोग्य-ओळख क्रमांक मिळू लागला. आणि २०२२ च्या जुलैत राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक प्रणाली बंद झाली, तेव्हा केसपेपर पुन्हा हाताने लिहायची पाळी आली.

आमच्याकडे एवढं मोठं काही घडत नाही. फक्त वायफाय जातं. मग सिस्टर बीपी बॉलपेनने तळहातावर लिहून ठेवतात आणि पुढच्या पेशंटला हात लावण्याआधी, नियमाप्रमाणे, हात स्वच्छ धुतात.