23 किलोंचं बिऱ्हाड

जूनचा तिसरा आठवडा, बाहेर 42 अंश, आणि लखनौच्या अलीगंजमधल्या एका मराठी घरात दोन मुलं लोकरीचे स्वेटर घालून कूलरपुढे उभी होती. आजी बाह्या ओढून बघत होती, आई वहीत टिपून घेत होती, बाबा 'पुढच्या वर्षी होईल का' हे एकच वाक्य पाळीपाळीने सगळ्यांना विचारत होते. साडेतीन वर्षांच्या धाकट्याने गळ्यातून डोकं बाहेर काढायलाच नकार दिला होता. सहा वर्षांची थोरली मात्र शांतपणे म्हणाली, "आम्ही हे घालणार नाही. आम्हाला गर्मी होतेय."

हे 'आम्ही' म्हणजे ती एकटीच. लखनौचा माणूस स्वतःला 'मैं' म्हणत नाही, 'हम' म्हणतो, आणि ही मुलगी मनातल्या 'हम'चं इमानदारीने मराठी करते. त्यामुळे तिने नुसतं दूध नको म्हटलं तरी शनिवारवाड्यातून फर्मान सुटल्यासारखं वाटतं.

स्वेटरचं कारण असं की आईला जर्मनीत ग्योटिंगनला दोन वर्षांची फेलोशिप मिळाली होती. आई औषधांवर संशोधन करणारी. तिची संस्था 1951 साली छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात सुरू झाली आणि आता शहराबाहेर जानकीपुरमला गेली आहे. बाबांचं काम संगणकावरचं, ते जिथे वायफाय तिथे चालतं. आजोबा रेल्वेच्या संशोधन संस्थेत, म्हणजे मानकनगरच्या आरडीएसओत, नोकरीला होते. 1974 साली आजी लग्न होऊन साताऱ्याहून आली ती झाशीला गाडी बदलून. सोबत एक काळी ट्रंक, पुरणयंत्र आणि पाटा-वरवंटा. "आमच्या वेळी कुणी वजन करत नव्हतं," हे तिचं सामानाविषयीचं धोरण. ते तिने त्या महिन्यात दिवसातून चारदा जाहीर केलं.

आता मात्र वजन होतं. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला 23 किलोंची एक बॅग आणि हातात 8 किलो. चौघांचे मिळून 124. दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतःची सीट नसते आणि त्याच्या वाट्याला सामानही थोडंच येतं. धाकट्याने दोन वर्षं कधीच ओलांडली होती, आणि घरात त्याच्याकडे प्रथमच मालमत्ता म्हणून बघितलं जाऊ लागलं. स्वतः 14 किलोंचा, हक्क 31 किलोंचा. त्याला ताप आला तेव्हा बाबांच्या तोंडून 'अरे देवा, बॅग' असं गेलं म्हणतात. बाबा ते नाकबूल करतात.

आई शास्त्रज्ञ. तिने तक्ता केला: 'लागेल', 'तिथे मिळेल' आणि 'लागू शकेल'. पहिल्या दोन रकान्यांत नऊ-नऊ नोंदी. तिसरा रकाना दुसऱ्या पानावर गेला, मग तिसऱ्या. लहान मुलं बरोबर असली की 'लागू शकेल' याला अंत नसतो. मुलाला माशी चावू शकते, दात पडू शकतो, एखाद्या रविवारी रात्री साडेदहाला शाळेत उद्या टिळक व्हायचंय असं कळू शकतं. (शेवटची नोंद बाबांची. ग्योटिंगनच्या शाळेत टिळक कोण व्हायला सांगणार, हे त्यांना कुणी विचारलं नाही. पगडी बरेच दिवस बॅगेत होती.)

स्वयंपाकघराचा प्रश्न बाबांनी अंगावर घेतला. न्यू जर्सीतल्या एका नातेवाइकाने फोनवर बजावलं की मिक्सर मुळीच नेऊ नका, इथे नुसता गुरगुरतो. ते खरं, पण तिकडचं. अमेरिकेत घरात 120 व्होल्ट वीज, जर्मनीत आपल्यासारखीच 230. पिन तेवढी वेगळी. मिक्सर वाचला. कुकर मात्र अडला. तिकडच्या शेगड्या सपाट काचेच्या, बऱ्याच इंडक्शनवाल्या, आणि इंडक्शनवर तेच भांडं तापतं ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतं. मग बाबांनी फ्रिजवरचं लखनौच्या रूमी दरवाजाच्या आकाराचं चुंबक काढलं आणि ते घेऊन मांडणीपुढे बसले. कढई, नाही. पातेलं, नाही. आजीचा अॅल्युमिनियमचा तीस वर्षांचा कुकर, रूमी दरवाजा सरळ घरंगळून खाली. लोखंडी तव्याला मात्र असा घट्ट बसला की ओढून काढावा लागला. "बघ," आजी म्हणाली, "तव्याला लखनौ सोडवत नाही." तवा पावणेदोन किलोंचा होता. गेला.

खाण्याच्या बाबतीत नियमांनी आजीचा अंत पाहिला. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरचं साजूक तूप बाद. तान्ह्या बाळांच्या पावडरीला आणि तशाच बाळअन्नाला 2 किलोंपर्यंत सूट आहे, असं आईने वाचून दाखवताच आजी म्हणाली, "मग सांगा ना, आमच्या बाळाचं हेच अन्न आहे म्हणून." पण ते कंपनीचं सीलबंद लागतं, आणि आजीचं तूप बूस्टच्या जुन्या बरणीत होतं.

खोबऱ्याची वाटी त्याहून खतरनाक निघाली. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं की ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या यादीत आहे, विमान कंपन्या ते बॅगेत ठेवू देत नाहीत. पन्नास वर्षं आपण फडताळात स्फोटकं ठेवत होतो हे ऐकून आजी दोन मिनिटं गप्प बसली. मग उठली, सगळं खोबरं किसलं, भाजलं आणि गोड्या मसाल्यात कुटून टाकलं.

आंब्याचं दुःख मोठं. मलिहाबाद घरापासून तासाभराच्या आत, दशहरीचा ऐन हंगाम, खोल्याखोल्यांतून वास. आणि युरोपात रोपसंरक्षण विभागाच्या प्रमाणपत्राशिवाय चालणारी फळं पाचच: अननस, केळं, नारळ, खजूर आणि ड्यूरियन. ड्यूरियन! ज्या फळाला वासापायी सिंगापूरच्या मेट्रोत बंदी आहे ते चालतं, आणि दशहरी नाही. बाबांनी यावर उपाय म्हणून आंबे जाण्याआधीच संपवायचं ठरवलं. आठ दिवसांत पाच पेट्या. वजन कमी झालं नाही, फक्त बॅगेतून बाबांत गेलं.

हे कळलं तेही वजनकाट्यावर. आधी बाबा एकटे काट्यावर उभे राहत, मग बॅग उचलून उभे राहत, आणि वजाबाकी करत. धाकटा मध्येच पायाला मिठी मारी, त्यामुळे एकाच बॅगेचं वजन कधी 21, कधी 35. शेवटी दारावरून 'कबाड़ी' अशी हाक देत जाणाऱ्याला आत बोलावलं. त्याचा लटकता काटा. त्याने बॅग अडकवली, वाचून सांगितलं, "साढ़े छब्बीस, बाबूजी." साडेतीन किलो काढायला बॅग तिथेच ओसरीवर उघडली. त्याने आत वाकून पाहिलं. एक पाय मोडलेला डायनोसॉर, अर्धी भरलेली शाईची दौत, तीन जुने चार्जर, टिळकांची पगडी. बराच वेळ अदबीने थांबून तो म्हणाला, "बुरा न मानिए, इसमें आधा माल तो हमारा है."

पगडी त्याच दिवशी कपाटात परत गेली.

लखनौला परदेशी बिऱ्हाड हलवायची सवय नाही असं मात्र नाही. फेब्रुवारी 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केल्यावर नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला आणि मटियाबुर्जला त्याने जवळजवळ दुसरं लखनौ उभं केलं: आचारी, गवय्ये, पतंगबाज, आणि शिवाय वाघांसकट प्राणिसंग्रहालय. त्याची आई मलिका किश्वर राज्य परत मागायला थेट लंडनला निघाली, बरोबर शंभरावर माणसं. राज्य मिळालं नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी 1858 मध्ये ती पॅरिसला वारली, तिथल्या पेर लाशेझ दफनभूमीत तिची कबर आहे. शंभर माणसांचं सामान कुणी बांधलं असेल हा विचार इतिहासकारांना पडत नाही. ज्यांच्या घरात चार बॅगा उघड्या पडल्यात त्यांना दुसरा विचार सुचत नाही.

दुसरं टोक आपल्याकडचं. 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. विधवा बाई, मांडीवर मूल, आठवडेच्या आठवडे बोट, आणि 'तिथे मिळेल' हा रकाना जवळपास कोरा. आईने हे उदाहरण घरात एकदा दिलं. बाबा म्हणाले, "त्यांना कुकर नव्हता न्यायचा."

मधल्या काळात दुलईचं प्रकरण झालं. उत्तर प्रदेशातली थंडी मराठी माणसाला ऐकून कळत नाही. जानेवारीत धुक्याने शाळा बंद पडतात, घरं तापवायची सोय नसते, माणसं घरातच दोन स्वेटर आणि टोपी घालून जेवतात. त्यामुळे आजीला जर्मनीची थंडी म्हणजे ह्याच्या चौपट, घरातसुद्धा, असंच वाटत होतं. तिकडे घरात हीटर असतो, मुलं आत अर्ध्या बाह्यांत फिरतात, खरी गरज बाहेर चिखलात लोळायच्या पावसाळी विजारीची असते, हे आईने परोपरीने सांगितलं. आजीने ऐकलं आणि पिंजाऱ्याकडून नवी करून आणलेली साडेतीन किलोंची दुलई पुढे ठेवली. बाबांनी हवा काढून घ्यायच्या प्लास्टिक पिशव्या मागवल्या. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली, आणि दुलई बघता बघता पापडासारखी चपटी. टाळ्या पडल्या. केवढी जागा झाली म्हणून तीत आणखी चार वस्तू गेल्या. पिशवीतून हवा गेली होती, साडेतीन किलो होते तिथेच होते, हे काटा आल्यावर समजलं.

त्याच संध्याकाळी लसीकरणाचं कार्ड सापडेना. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय पाळणाघर नाही, आणि शाळेतही तो मागतात. सगळ्या 124 किलोंत त्या हळदीचा डाग पडलेल्या पिवळट घडीइतकं महत्त्वाचं काही नव्हतं. फायली झाल्या, कपाटं झाली, गाद्यांखाली झालं. रात्री अकराला थोरली झोपेतून उठून म्हणाली, "आम्ही ते दुलईत ठेवलंय. म्हणजे थंडी नाही वाजणार." पिशवीचं झाकण उघडलं तशी दुलई टम्म पुरीसारखी फुगून दिवाणभर पसरली. कार्ड मिळालं. दुलई पुन्हा आत जाईना, आणि ती राहिली. आजी काही बोलली नाही, घडी घालून तिने ती स्वतःच्या पलंगावर ठेवली, चाळीस अंशांत.

निघायच्या आदल्या रात्री आईच्या लक्षात आलं की विमान फक्त फ्रँकफर्टपर्यंत. तिथून ग्योटिंगनला आगगाडी. गाडी स्टेशनवर मिनिटं दोन-चार थांबणार, बॅगा चार, मोठी माणसं दोन, आणि मुलांना एक-एक हात द्यावाच लागणार.

"कुली करा," आजी म्हणाली.

"तिकडे कुली नसतात, आई."

आजीने चष्मा पुसला. लखनौच्या चारबाग स्टेशनवर लाल डगल्यातला माणूस डोक्यावर दोन आणि हातात दोन बॅगा घेऊन पूल चढतो, हे तिने पन्नास वर्षं पाहिलेलं. "कुली नाहीत," ती म्हणाली, "आणि पुढारलेला देश?"

रात्री एक वाजेपर्यंत बॅगा उपसल्या. चारच्या तीन झाल्या. मिक्सर राहिला. तवा गेला.

मुलांना आधीच एकेक बुटाचं खोकं देऊन सांगितलं होतं, यात मावेल ते तुमचं, आम्ही विचारणार नाही. थोरलीने चिकनच्या कापडाचे तुकडे, सायकलची घंटी आणि शेजारच्या मैत्रिणीची एक चप्पल घेतली. एकच, दुसरी मैत्रिणीकडे. धाकट्याचा हिशोब सरळ होता. आजीला 'ग्योटिंगन' म्हणता येत नसे, ती गावाला 'गोटिंगण' म्हणे. जिथे गोट्यांचं रिंगण असतं तिथे जायचं तर गोट्या लागणार, म्हणून त्याने गल्लीतल्या पोरांकडून जिंकून, मागून आणि एकदा रडून साठ गोट्या जमवल्या. आजीने त्या बाबांच्या मोज्यात भरून वर गाठ मारून दिली.

अमौसी विमानतळावर आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची रांग शेजारीच होती. दोरीने आडवे-उभे करकचून बांधलेले खोके, वर मार्करने नाव, वजन ग्रॅमपर्यंत बरोबर. बाबा त्यांच्याकडे, नापास मुलाने पहिल्या नंबराकडे बघावं तसे बघत होते.

सुरक्षा तपासणीत धाकट्याची छोटी पाठपिशवी बाजूला निघाली. जवानाने मोजा वर धरला, हातावर तोलला. गाठ मारलेल्या मोज्यात सव्वातीनशे ग्रॅम काच ही गोष्ट हवेत फिरवली तर खेळणं राहत नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "बेटा, इतने कंचे लेकर कहाँ?"

"गोटिंगण. वहाँ सब खेलते हैं."

जवानाने गाठ सोडली, गोट्या ट्रेमध्ये ओतल्या, मोजा बाबांना दिला आणि पुन्हा पिशवीत हात घातला. या वेळी टीव्हीचा रिमोट निघाला. पेप्पा पिग त्यात राहते.

बाबांनी तिथूनच घरी फोन लावला. "आई, टीव्हीचा रिमोट शोधत असशील तर..."

"रिमोट कुठून सापडणार," आजी म्हणाली, "सकाळपासून चष्माच सापडत नाहीये."

जवानाने तोवर चष्म्याचं घर वर काढलं होतं.