माघारीचा मुहूर्त

आमच्या आजोळी पूर्वी रानडुकराची शिकार होत असे म्हणतात. सांगणारा जितका म्हातारा, तितकं डुक्कर मोठं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि घराण्याचा पराक्रम कुर्ल्यांवर येऊन ठेपला. आषाढातल्या काळोख्या रात्री मामा पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, कुर्ल्या धरायला निघतात तेव्हा आखणी मात्र अजून वाघाचीच असते.

माघार कशी घ्यावी, हे मी अशाच एका मोहिमेसाठी संगमेश्वरला उतरेपर्यंत गाडीतच शिकलो होतो. कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं. पाऊस फार झाला की गाडी ताशी 40 किलोमीटरच्या वर जात नाही. सावित्री, वाशिष्ठीच्या पुलांवर पाणी वाढल्याचा इशारा देणारी यंत्रं बसवली आहेत. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गाडी मुकाट्याने थांबते आणि ड्रायव्हरला कोणी भित्रा म्हणत नाही. पऱ्यावर ही सोय नाही. तिथे इशारा माणसानेच द्यायचा असतो, आणि माणसाला दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवायचं असतं.

आमच्या मोहिमेत मामा, शेजारचे तात्या, मामेभाऊ आणि पोतं धरायला मी. कुर्ली धरायचं शास्त्र तोंडी तरी सोपं आहे. डोळ्यांवर उजेड पडला की ती क्षणभर जागीच थिजते. तेवढ्यात मागून कवच दाबून नांग्या पोचणार नाहीत असं उचलायचं. पोटाखालच्या रुंद झाकणात पिल्लं असली तर मामा तिला "बाळंतीण हाय" म्हणून सोडून देतात. गोड्या पाण्यातल्या कुर्लीची पिल्लं अंड्यातून थेट चिमुकल्या कुर्ल्या होऊनच बाहेर पडतात आणि काही दिवस आईच्या पोटाशीच राहतात, त्यामुळे हे बाळंतपण डोळ्यांना दिसतं. चांदण्यात जायचं नाही, हाही मामांचा नियम. कधी जायचं नाही याचे असे पुष्कळ नियम आहेत. परत कधी फिरायचं, याबद्दल सगळे गप्प.

खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. खाली थेंब नसला तरी वर घाटमाथ्यावर कोसळत असेल तर पऱ्या आधी तांबूस होतो, मग पाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, मग आवाज जाडा होतो.

"पाणी तांबडं दिसतंय," मामेभाऊ म्हणाला.

"बॅटरीचा उजेड पिवळा हाय म्हणून," तात्या म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "आवाज वाढल्यासारखा वाटतो, नाय?"

"बेडूक," मामा म्हणाले.

ज्या दगडावर बसून आम्ही विडी-तंबाखू उरकली होती, तो दिसेनासा झाला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं आणि घाईघाईने दुसरीकडे पाहिलं. दगड कुठे गेला असं विचारणं म्हणजे परत फिरू या म्हणणंच की! शिवाय घरी मामींनी सुकं खोबरं भाजून वाटण तयार ठेवलं होतं. पोत्यात जेमतेम रश्श्याला वास येण्यापुरत्या कुर्ल्या घेऊन त्या वाटणासमोर उभं राहण्यापेक्षा पूर परवडला, असं तिघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी भाचा, म्हणजे पाहुणा. मी बोललो असतो तर शहर भ्यालं असं ठरलं असतं.

पाणी गुडघ्याला लागलं. तेवढ्यात काळोखातून एक अख्खी फांदी आली आणि तात्यांच्या मांडीला घासून पुढे गेली. कोणी हूं की चूं केलं नाही. मामांनी मात्र बॅटरी कानाशी धरून हलवली, तळहातावर दोनदा आपटली आणि खेदाने मान हलवली.

"बॅटरी उतरली. चला."

काठावर कोण आधी चढलं ते सांगता येणार नाही, इतके सगळे एकदम चढले. "नायतर आज पोतं भरलं असतं," तात्या काठावरून म्हणाले. मामेभावाने हल्लीच्या बॅटऱ्यांत दम नसतो यावर भाषणच दिलं. पायवाटेवर फुरसं असेल म्हणून मामा पुढे राहून प्रत्येक दगडावर, प्रत्येक पानावर झोत मारत होते. वाटेत त्यांनी आंब्याच्या शेंड्यावर झोत टाकून यंदा कुठली फांदी मोडली तेही मला दाखवलं.

घरी पोचलो तर वीज गेलेली. मामींनी कुर्ल्या निवडल्या, नांग्या ठेचून रस गाळला, रस्सा उकळला, भाकऱ्या थापल्या आणि आम्ही पोटभर जेवलो, ते सगळं त्या उतरलेल्या बॅटरीच्या उजेडात.