अप्पांचे तीनशे

"तुझ्या फुकटातल्यावर बघ रे जरा," असा फोन आला की समजायचं, महिन्याची वीस तारीख उलटली. कांद्याचा भाव, मनमाडची गाडी, मॅचचा स्कोअर, सगळं माझ्या फोनवर.

असा एक जण तुमच्याही ओळखीत असणार. गल्ली नळाचं पाणी पिते, तेव्हा हा जार मागवतो. आणि तहान लागली की शेजारी तांब्या मागायला येतो. सावेडीतले आमचे अप्पा गुगल वापरत नाहीत, 'कागी' वापरतात. महिन्याला पाच डॉलर आणि त्यात मोजून तीनशे शोध. दहा डॉलर भरले की मोजदादच नाही. पण अप्पांची तत्त्वं पाच डॉलरपर्यंतच जातात.

कागी म्हणजे जपानीत किल्ली. शनिशिंगणापूरच्या जिल्ह्यात राहून महिन्याच्या महिन्याला किल्लीचं भाडं भरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

त्यात पुन्हा २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. आता एकच गोष्ट 'अहमदनगर' घालूनही शोधावी लागते आणि 'अहिल्यानगर' घालूनही. "दोन गेले!" अप्पा कळवळतात. म्हणून जुन्या नावाचा शोध त्यांचा, नव्या नावाचा माझ्याकडे.

पंचाईत अशी की, माणूस खोटं बोलत नाही. "मिक्सरचं भांडं एकदा शोधलंस, आठवडाभर मिक्सर मागं फिरला का नाही?" फिरला. मग गाडी १९९८ वर येते. गुगल काढणाऱ्या दोन पोरांनी तेव्हा स्वतःच निबंधात लिहिलं होतं, की जाहिरातीवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदाराकडेच झुकणार. "आणि दोन वर्षांत स्वतःच जाहिराती घ्यायला लागले!" हे अप्पा अशा सुरात सांगतात, जणू पोरांनी शब्द त्यांनाच दिला होता.

मी 'नीवा' काढतो. गुगलचा जाहिरात विभाग सांभाळलेल्या श्रीधर रामस्वामींनी बिनजाहिरातीचं, वर्गणीवरचं सर्च इंजिन काढलं. २०२३ मध्ये ते बंद पडलं. "चांगली दुकानं बंदच पडतात," अप्पा म्हणतात. २०२५ मध्ये एअरटेलनं 'पर्प्लेक्सिटी प्रो' वर्षभर फुकट दिलं, तेव्हा सिम असूनही त्यांनी घेतलं नाही. मला घ्यायला लावलं.

कागी आपले शोध नोंदवून ठेवत नाही, म्हणून अप्पा स्वतः ठेवतात. दोनशे पानी वही. क्रमांक, तारीख, प्रश्न, शिल्लक. परवा ते चहा टाकायला आत गेले आणि मी ती उघडली. म्हटलं, बघू तरी म्हातारा एवढं कशावर उधळतो.

१४७ : शेजारच्या वहिनींचा गुडघा, ऑपरेशन टळेल का. १५२ : पेपरवाल्याच्या पोरीला नर्सिंगचं वसतिगृह. १६३ : याच्या आईची शुगरची गोळी, जेवणाआधी का नंतर.

'याच्या' म्हणजे माझ्या. मी त्यांना फक्त सहज बोललो होतो. कांद्याचा भाव, गाडी, स्कोअर वहीत कुठेच नव्हतं.

अप्पा चहा घेऊन आले. मी वही होती तिथे ठेवली. विचारायला काही सुचेना, म्हणून म्हटलं, "शिल्लक किती?"

काल तीस तारीख. रात्री दहाला फोन. "अरे, अकरा उरलेत. उद्या वाया जातील. आईला विचार ना, काही बघायचंय का."