वेसाव्यास जावयाचे, मालाडवरून

मढच्या धक्क्यावरून वेसाव्याचा किनारा इतका निकट दिसतो की नवख्या पाहुण्यास पोहून जाण्याचा मोह व्हावा; परंतु फेरीबोट सोडून खुष्कीच्या मार्गाचा हट्ट धरणाऱ्यास मार्वे, मालाड, अंधेरी अशी प्रदक्षिणा घालून त्याच किनाऱ्याचे दर्शन घ्यावे लागते. आपल्या विद्यापीठीय ग्रंथालयांची संकेतस्थळे ज्या विद्वज्जनांनी रचली, त्यांनी हा भूगोल बारकाईने अभ्यासून त्यातून फेरीबोट तेवढी हेतुपुरस्सर गाळली असावी, असा आमचा तर्क आहे.

येथील कोळीवाड्यातील एका विद्यार्थिनीस, जिच्या घरी पिढ्यानुपिढ्या डोल हे जाळे लावून बोंबील धरीत आले आहेत, त्या मासेमारीवर पूर्वी कोणी प्रबंध लिहिला आहे काय, एवढेच पाहावयाचे होते. विद्यापीठ कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्यास ते आपलेच वाटेल त्याचे म्हणणे आम्ही खोडून काढणार नाही. प्रथमदर्शनी कुलगुरूंचे छायाचित्र, त्याखाली निविदा, त्याखाली ‘नवीन’ हा अखंड लुकलुकणारा शब्द, ज्याच्या पुढील परिपत्रक केव्हाच वयात आलेले होते. ग्रंथालय सापडले ते ‘सुविधा’ या सदरात, वसतिगृह आणि उपाहारगृह यांच्या मधोमध. आत शिरल्यावर ग्रंथोपार्जन विभाग, तालिकीकरण विभाग, नियतकालिक विभाग, देवघेव विभाग अशी दफ्तराची सगळी फेरिस्त हुद्देदारांच्या पदनामांसह हजर; प्रबंध मात्र कोणाच्या ताब्यात, याची वाच्यता नाही. म्हणजे जो ग्रंथालयात नोकरीस आहे, त्यालाच ग्रंथालयाचा उपयोग करता यावा, अशी ही तजवीज.

वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथरूपाने मांडला. त्यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्टला ग्रंथपालदिन साजरा होतो, आणि त्या समारंभाची छायाचित्रे एका टिचकीसरशी सापडतात, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे.

मुंबईस तर याहून जुना आदर्श होता. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. दृष्टी गेलेल्या त्या जैन माउलीस सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कोणासही न विचारता कळावी, हा घड्याळाच्या टोल्यांचा हेतू, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ज्याला दिसत नाही त्यालाही माहिती घरबसल्या पोहोचावी, ही कल्पना ज्या मनोऱ्याशी लोकांनी जोडली, त्याच्याच पायथ्याशी विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. पुढे घड्याळाचा कित्ता कोणी गिरविला नाही.

आता प्रबंधांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधांची संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘शोधगंगा’त देशभरचे प्रबंध वाहू लागले. एरवी हे ग्रंथ माळ्यावर उंदरांच्या अभ्यासास पडून राहिले असते, म्हणून या गंगेस आम्ही मनोभावे नमस्कार करतो. परंतु प्रबंध तेथे अखंड न मिळता खंडशः मिळतो: शीर्षक निराळे, प्रमाणपत्र निराळे, प्रत्येक प्रकरण निराळे, आणि प्रत्येकाच्या कपाळी अनुक्रमांक. त्यात कित्येक मराठी प्रबंध जुन्या टंकांत उतरलेले. ते डोळ्यास शुद्ध देवनागरी दिसतात, यंत्रास मात्र निव्वळ रोमन बडबड वाटतात. पानांची नुसती छायाचित्रेच चढविली असतील, तर अक्षरांची ओळख पटविल्यावाचून यंत्रास ती केवळ चित्रेच. ‘डोल’ हा शब्द पानोपानी असूनही तो शोधणाऱ्यास शून्य निष्पत्ती कळविली जाते, तीही अत्यंत अदबीने.

उपाय फारसा गहन नाही. संदर्भकक्षातील ज्या गृहस्थास दिवसभर तेच दहा प्रश्न विचारले जातात, त्याला बोलावून ते प्रश्न वाचकाच्या भाषेत जसेच्या तसे पहिल्या पानावर मांडावेत, आणि पाच नवख्या विद्यार्थ्यांना त्यापुढे बसवून ते कोठे अडखळतात ते मुकाट्याने पाहावे. पण अशा कामास ना निविदा निघते, ना उद्घाटनाची फीत कापता येते. तेव्हा समिती नेमणे ओघानेच आले.

समितीने वाचकांच्या सूचना मागविल्या असून त्यासाठी संकेतस्थळावर एक अर्ज ठेविला आहे. विद्यार्थिनीने तो भरावयास घेतला. त्यातील पहिलाच रकाना, जो भरल्यावाचून पुढे सरकता येत नाही, ‘संबंधित विभाग निवडा’ असा आहे.