दीड महिन्याचे डोस

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दीड महिन्याचे डोसही रेवसलाच. प्रस्तुत लेखक त्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने आला, तो बाप म्हणून कमी आणि तज्ज्ञ म्हणून जास्त. पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब अशा पाचांचा बंदोबस्त, हे त्याने सासूबाईंना बंदरावरच ऐकवलं.

"आधी जेवून घ्या," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते, हे त्याने नर्सबाईंना समजावलं. त्यांनी त्याला बाळाचे पाय धरायला लावले. पोलिओ आणि रोटा तोंडावाटे, आयपीव्ही उजव्या दंडात, पीसीव्ही उजव्या मांडीत, पेंटा डाव्या. "मांडी चोळू नका. ताप येईल, घाबरू नका. आणि बाबा, आता डोळे उघडा."

ताप रात्री आला. डांग्या खोकल्याच्या घटकामुळे असं होतंच, हे लेखकाला पाठ होतं, बाळाला नव्हतं. मांडीला गाठ, कुशीवर वळवलं की किंकाळी. औषधाच्या थेंबांचं वजनावरून त्रैराशिक तो मांडत होता, तोवर नर्सबाईंनी लिहून दिलेलं माप बायकोने पाजूनही टाकलं होतं.

रिकाम्या माणसाला इतिहास सुचतो. 14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली. बगदाद, बसरा करत ती लस दंडादंडीने आली होती. शीतपेटी नव्हती, माणसंच शीतपेट्या. पुढच्या आठवड्यात अॅनाच्या दंडातला पू काढून आणखी पाच मुलांना टोचला. पोरगी फार शांत स्वभावाची, अशी डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी नोंद केली.

"बघ, ती शांत होती," लेखक म्हणाला.

"ती तीन वर्षांची होती. थर्मामीटर कुठे ठेवलास?"

थर्मामीटर शोधताना त्याला स्कॉटसाहेबांचा रागच आला. पोरीचा स्वभाव लिहिला. पू काढल्यावर रात्री तिला मांडीवर कोणी घेतलं, ते नाही. इथे बायको भिंतीला टेकून बसली होती, बाळ छातीशी, टाक्यांचं दुखणं अजून पुरतं गेलं नव्हतं. लेखकाने पहिल्यांदाच तोंड मिटून ओलं फडकं पिळून दिलं.

पहाटे ताप उतरला. पुढचे डोस अडीच महिन्यांचे; त्यात टोचणी एकच, पेंटाची. येणाऱ्या जावयांनी दुसऱ्या दिवशीचीही रजा टाकूनच लाँच पकडावी.